दोन काचा

टाके सुकत आले, तरी विजयश्रीचा एक रिपोर्ट येईना. छातीतून काढलेली गाठ हार्मोनवर वाढणारी होती का, हे त्यात कळणार होतं आणि पुढचं औषध त्यावर ठरणार होतं. आकुर्डीच्या लॅबमधून फोन आला, "तपासणी परत लावलीय." का, ते फोनवरच्या मुलीला सांगता येईना.

"लागतील दोन-चार दिवस. थांब की," नवरा, साहेबराव म्हणाला. पण विजयश्री चाकणच्या कंपनीत पार्ट तपासायच्या कामाला. परत तपासतात म्हणजे कारण असणारच. चऱ्होलीहून बस धरून ती थेट लॅबवर गेली.

डॉक्टर निशिगंधा मायक्रोस्कोपपाशी बसल्या होत्या.

"मला बघता येईल का, मॅडम? माझंच आहे ना ते."

त्यांनी खुर्ची सोडली.

पहिल्या काचेवर गाठीचा पातळ काप होता, सगळा निळा.

"हार्मोन पकडणारी जागा पेशीत असली की तिथं तपकिरी रंग चढतो," डॉक्टर म्हणाल्या. "निळं म्हणजे नाही."

"मग रिपोर्ट 'नाही'च ना?"

"कडेचे हे गोल बघा. ही गाठ नव्हे, दुधाच्या चांगल्या नळ्या. त्यातल्या काही पेशींवर तरी रंग चढायलाच हवा. त्याही निळ्याच."

विजयश्री बघत राहिली. "म्हणजे तपासणीच फसली."

"हो. ऑपरेशनमधला तुकडा, तो टिकवायच्या फॉर्मालिनमध्ये उशिरा पडला असावा. ऑपरेशनआधी सुईने काढलेला तुकडा शिल्लक होता, तो लावला. काच आत्ताच आलीय, मीही अजून पाहिली नाही."

डॉक्टर वाकल्या. काच हळूहळू सरकवत राहिल्या. विजयश्रीने पदर बोटाला गुंडाळला, सोडला.

"या."

गाठीभर नाचणी सांडावी तसे तपकिरी ठिपके. काही गडद, काही फिके. नळ्यांतही मधूनमधून तोच रंग.

"नळ्या पण रंगल्यात," ती म्हणाली. "मग हे खरं धरायचं?"

"धरायचं. हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या लागू पडायची शक्यता चांगली आहे. बाकी तुमचे डॉक्टर सांगतील."

"काही फिके का?"

"सगळ्या पेशी सारख्या नसतात. किती रंगल्या आणि किती गडद, तेही रिपोर्टात लिहायचं असतं."

तिने आणखी थोडा वेळ मागून घेतला.

बाहेर येऊन तिने साहेबरावला फोन लावला. गोळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं."

"आणि ऐका, मी पाहिली ती गाठ."

"कशी होती?"

तिला विचार करावा लागला. "म्हणू नये, पण दिसायला छान होती," ती म्हणाली.