कांडीचं फडकं

"धुतलं कशाला वं ते? एक फडकं तेवढं दिलं होतं मी. एकच."

"घाण होतं रे आदगोंडा. तेलानं काळंकुट्ट. आजारी जीवाला असल्यावर झोपवायचं?"

"तेल न्हवतं काकू ते. मी होतो त्यात."

पौषातली दुपार. दारापासून थेट नदीपर्यंत उसाला तुरे आलेले. रुपेरी तुरे, पिसाच्या अंगाचे तुरे, वाऱ्यासरशी वाकणारे, वाऱ्यासरशी उठणारे. आणि अंगणातल्या दोरीवर ते फडकं. पांढरं. इतकं पांढरं, की त्याच्याकडं बघवेना.

तीन महिने ते फडकं दिवसा त्याच्या खांद्यावर होतं आणि रात्री कांडीच्या, त्याच्या मांजरीच्या, अंगाखाली. यंत्रमागावरचा बारा तासांचा घाम त्यात, सुताच्या खळीचा आंबूस वास त्यात, कापसाची उडती कुसं त्यात. टेम्पोखाली सापडलेली ती राखरंगी, मूठभर मांजरी. त्यानंच तिला प्राण्यांच्या निवाऱ्यात नेलं. तिथं तिचा मागचा पाय कापला, जखम भरेपर्यंत कोण नेतंय विचारलं, आणि ह्याचा हात वर गेला. का गेला, त्यालाच ठाऊक नाही. मागाच्या धोट्यात सुताची कांडी बसते ना, तेवढीच बारीक, म्हणून कांडी.

तो कामावरून यायचा. ती तीन पायांवर उठायची, पडायची, परत उठायची. दारापर्यंत यायची. त्या खोलीत त्याच्यासाठी दारापर्यंत येणारं दुसरं कुणी नव्हतं.

जखम भरली. जखम भरली की कायमचं घर, हा निवाऱ्याचा नियम. घर मिळालं प्रमिलाकाकूंचं. उन्हाचं घर, उशीचं घर, दुधाच्या वाटीचं घर. काकूंची सत्तावीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून गेलेली. त्यांची माया उकळत्या पाण्यातूनच यायची. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी फडकं उकळलं. सोडा घालून, दोनदा.

आणि कांडी कपाटाखाली गेली. तीन दिवस अन्न नाही, पाणी नाही, आवाज नाही. आणखी दोन दिवस असेच गेले तर ती जगायची नाही, असं डॉक्टर फोनवर म्हणाले, तेव्हा काकूंनी त्याला बोलावलं.

"स्वच्छ केलं की बरं वाटतं माणसाला," काकू हळूच म्हणाल्या. "मला एवढंच येतं रे."

त्याच्या तोंडात आणखी चार शब्द तयार होते, धारदार, कानफटात बसणारे. पण काकूंची पांढरी पडलेली, पाण्यानं सुरकुतलेली बोटं त्याला दिसली, आणि तो कपाटाकडं वळला.

तो फरशीवर पालथा पडला. कपाटाखाली काळोख, काळोखात दोन पिवळे थेंब. त्यानं हात आत सरकवला. थेंब हलले. मग घासत, खुरडत, घरघरत ती आली, आणि त्याच्या तळहातात तिनं अख्खं डोकं ठेवलं.

"घेऊन जा तिला," काकू म्हणाल्या. "तुझ्याकडं जगेल."

न्यायचंच होतं त्याला. देवाशपथ न्यायचं होतं. पण त्याची खोली मागांच्या वर. एकदा ती जिना उतरून खाली गेली होती, आणि मागाच्या चालत्या पट्ट्याच्या वीतभर अलीकडून त्यानं तिला उचललं होतं. तीन पायांना पळता येत नाही. बारा तास तो तिच्यावर नजर ठेवू शकत नाही.

"काकू, तुमची शाल द्या. अंगावरची. न धुतलेली."

बामाच्या, उदबत्तीच्या, म्हाताऱ्या उबेच्या वासाची शाल. ती त्यानं अंथरली, त्यावर कांडीला ठेवलं, दुधात कुस्करलेली भाकरी बोटानं पुढं केली. तिनं चाटलं. एकदा. परत एकदा.

"आता तुमचं बोट."

काकूंचं बोट पुढं आलं. कांडीनं हुंगलं, ती थांबली, तिनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं आपले हात पाठीमागं घट्ट बांधले. तिनं परत हुंगलं. आणि जीभ, गुलाबी, खरखरीत, काकूंच्या बोटावर फिरली.

"खातीय रे," काकू कुजबुजल्या. "बस जरा, चहा ठेवते."

"नको काकू. मी दिसतोय तोवर ती माझ्याकडंच बघणार. हात हलवू नका. मला आता निघायलाच पाहिजे."