सात सेकंद आणि एक मुका टीव्ही

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे आणि आधीच सांगून ठेवतो, माझ्याकडून आवाजाची अपेक्षा ठेवू नका. माझा आवाज जाऊन अकरा वर्षं झाली. चित्र मात्र अजून शाबूत आहे, हे मी जरा मिजाशीतच सांगतो. म्हातारपणी मिरवायला एवढं तरी हवंच.

कारखान्यात एका बाईने माझ्या पोटातली शेवटची तार जोडली आणि पडद्यावर पहिल्यांदा रंगीत पट्टे उमटले. तिने मान डोलावून माझ्या पाठीवर एक शिक्का मारला. मला वाटलं, आता एखादं घर मिळेल, समोर मुलंबाळं बसतील. नशिबी आला एक स्टुडिओ. तिथे शाळांसाठी, दवाखान्यांसाठी, कारखान्यांसाठी शिकवणाऱ्या फिल्म तयार होतात. मला बाहेरच्या खोलीत पाहुण्यांच्या सोफ्यासमोर ठेवलं. रोज फडक्याने पुसायचे. "चित्र काय स्वच्छ आहे हो," असं पाहुणे म्हणायचे आणि मी मनातल्या मनात फुलायचो.

मग एकदा भिंती रंगवायला माणसं आली. त्यांनी मला उताणं पाडून माझ्यावर बादली ठेवली आणि ती कलंडली. पाणी नेमकं स्पीकरमध्ये गेलं. माझी दातखीळ बसली ती कायमची. दुरुस्तीवाल्याने हात झटकले, माझ्या जागी चपटा टीव्ही आला, आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत तीन वर्षं काढली. त्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही, वाईट वाटतं.

तिथून मला बाहेर काढलं ते ताईने. ताई म्हणजे स्टुडिओत सबटायटल तपासणारी. पडद्यावर खाली ज्या ओळी येतात, त्या वेळेवर येतात का, वेळेवर जातात का, ज्याचं बोलणं त्याच्याच चित्राखाली आहे का, हे बघणं तिचं काम. एकदा तर डॉक्टरांचा सल्ला रोग्याच्या तोंडाखाली गेला होता, तो तिनेच पकडला. तिचा धाकटा भाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही. त्यामुळे या कामात ती कोणाची भीडभाड ठेवत नाही. हे खोकं कशाला उचललंस, असं सगळ्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "कानाला ऐकू आलं की डोळे आळशी होतात. मला न बोलणाराच टीव्ही हवा."

तेव्हापासून प्रत्येक फिल्म बाहेर जाण्याआधी शेवटची माझ्यावर बघितली जाते. ताई समोर बसते, वहीत खुणा करते, आणि पूर्ण समाधान झालं की कागदावर सही करते. माझ्या मुकेपणाचा कोणाला उपयोग होईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

फिल्मची कापाकापी आणि जोडाजोडी करतो त्याला सगळे कात्री म्हणतात. हाताने चलाख, जिभेने त्याहून. मला तो मौनीबुवा म्हणतो. माणूस वाईट नाही, पण त्याला सतत घाई.

गेल्या महिन्यात ताईचा धाकटा भाऊ काम करतो त्याच कारखान्याची फिल्म आली. तिथे पत्रा कापायचं नवं मशीन बसलं होतं आणि सोमवारपासून ते धाकटा चालवणार होता. या मशीनची एक खोड होती. बटण बंद केलं तरी आतलं चाक थोडा वेळ फिरत राहायचं, आणि ते इतकं गुळगुळीत की फिरतंय हे डोळ्याला चटकन कळायचं नाही. ऐकणाऱ्याला त्याच्या घरघरीवरून समजायचं. न ऐकणाऱ्याला खालच्या ओळीचाच भरवसा.

ताईने ती फिल्म माझ्यावर दोनदा बघितली होती. सगळं चोख होतं. पण फिल्म द्यायच्या दिवशी सकाळी कारखान्यातून निरोप आला की मधे कुठेतरी मोठे साहेब चालताना दिसले पाहिजेत. कात्रीने सात सेकंदांचा तुकडा जोडून दिला. "साहेब नुसते चालतायत, बोलत नाहीत. ओळींचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. ताईने घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा न बघता सही केली. चार वाजता कारखान्याचा माणूस फिल्म न्यायला येणार होता.

दुपारी धाकटा आला. त्याची सुट्टी होती. ताईने मोठ्या कौतुकाने त्याला माझ्यासमोर बसवलं. शिकताना हात चालवायची त्याला सवय. टेबलालाच मशीन समजून तो पडद्यावरची एकेक गोष्ट करत गेला.

मग साहेब आले. ते चालत होते आणि खाली ओळ होती, "बटण दाबून मशीन बंद करा." साहेबच सांगतायत असं धाकट्याला वाटलं असावं. त्याने बटण दाबल्यासारखं केलं. साहेब गेले, मशीन दिसलं, बटण आत्ता कुठे दाबलं जात होतं, आणि खाली ओळ आली, "चाक थांबलं आहे. आता हात आत घालून पत्रा काढा."

धाकट्याचा हात पुढे गेला.

माझ्या पडद्यावर चाक फिरत होतं. मला ओरडायचं होतं, मित्रांनो. अकरा वर्षांत आवाजाची इतकी आठवण कधी झाली नव्हती.

ताईने तो हात बघितला. मग चाक बघितलं. झटकन पुढे होऊन तिने त्याचं मनगट धरलं, आणि तिथे नुसतं टेबल असूनही ते किती तरी वेळ सोडलं नाही. साहेबांच्या सात सेकंदांनी चित्र मागे ढकललं होतं आणि ओळी जागच्या जागीच राहिल्या होत्या, म्हणून तिथून पुढची प्रत्येक ओळ सात सेकंद आधीच येत होती.

ती कात्रीला बोलवायला गेली. तो सवयीने म्हणाला, "सात सेकंदांनी असं काय बिघडतं?" तिने त्याला माझ्यासमोर बसवलं आणि तोच भाग पुन्हा लावला. फिरतं चाक दिसताच त्याने स्वतःच फिल्म थांबवली. "तुकडा मीच जोडला," तो हळूच म्हणाला.

"सही माझी आहे," ताई म्हणाली.

तिने तो कागद फाडला. दोघांनी मिळून एकेक ओळ सरकवली आणि फिल्म पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्यावर बघितली. कारखान्याचा माणूस तासभर कुरकुरत बसून राहिला.

मित्रांनो, झालेल्या कामात चिमूटभर जरी बदल केलात, तरी ते पुन्हा शेवटपर्यंत बघा. तुमच्या कामावर डोळे मिटून विश्वास ठेवणारं कोणीतरी असतं. आणि माझ्यासारखं एखादं मुकं खोकं घरात असेल, तर टाकण्याआधी जरा विचार करा, एवढीच विनंती.

धाकटा आता त्या मशीनवर काम करतो. सुट्टीच्या दिवशी येतो आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवतो. मी गुपचूप त्याची बोटं मोजून घेतो. दर वेळी पाच भरतात.