मांडवातले कवडसे

"इथं एक! हे दुसरं! आणि तुळशीपाशी तर विचारूच नका!" आमच्या शेजारची बर्था मांडवाखाली उभी राहून वर बोट दाखवत होती. तिचा नवरा ॲन्सेल्म शिडीवर चढून छपरात झावळ्या खोचत होता. एक भोक बुजलं की शेजारी दोन उघडत.

"तू भोकं मोजायला उभी आहेस की मदतीला?"

"ओले झाप कुणी चढवायला सांगितले होते?"

नारळाच्या झावळ्या विणून झाप केले की ते आधी चांगले वाळवायचे, हे आमच्या नंदाखालात सगळ्यांना ठाऊक. पण ठरला होता कापडी मांडव. कापडातून ऊन झिरपतं हे आमच्या ध्यानात उशिरा आलं आणि घाईघाईत हिरवेच झाप चढवले. मे महिन्यात ते आक्रसले. लग्नाच्या सकाळी मांडवभर कवडसे नाचत होते.

दुसऱ्या कुणाच्या लग्नात ते शोभून दिसले असते. आमच्याकडे नवरीच्या आईला ऊन वर्ज्य होतं.

रुक्मिणीला, माझ्या बायकोला, गालाच्या आत कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, पण दुखणं पुन्हा वर आलं. मग मुंबईच्या एका इस्पितळात उजेडाचा उपाय करून पाहिला. आधी शिरेतून औषध देतात, मग गाठीवर लाल लेझरचा उजेड सोडतात. उजेड लागला की औषध जागं होतं आणि गाठ मारतं. पण औषध साऱ्या अंगात भिनलेलं असतं. म्हणून दीडेक महिना उन्हात जायचं नाही, नाहीतर कातडी भाजते. घरातला उजेड चालतो असं डॉक्टर म्हणाले होते, तरी मी खिडक्यांना गोधड्या टांगल्या होत्या. आणि आमच्या लेकीचं, स्वप्नाचं लग्न नेमकं त्या दीड महिन्यात आलं.

"पुढं ढकलू," मी म्हटलं.

"पुढचं कुणी बघितलंय?" रुक्मिणी म्हणाली. "लग्न दारातच होईल आणि कन्यादानाचं पाणी मीच सोडीन. तुम्ही सावली तेवढी करा."

तिच्या बहिणीची मुलगी मेघना मुंबईत याच उपायावर संशोधन करत होती. हळदीच्या दिवशी ती मावशीला सांगत बसली.

"मावशी, आम्ही इतके बारीक कण बनवतोय की केसाच्या जाडीत हजारभर मावतील. औषध त्यांच्यात भरायचं. ते गाठीत जाऊन साचतात, बाकी अंगात फारसं राहत नाही. मग माणसाला असं कोंडून ठेवायला नको."

"म्हणजे ठिबक."

"काय?"

"अगं, पूर्वी तुझे काका पाटानं पाणी सोडायचे. सगळी वाडी भिजायची, गवतसुद्धा. आता नळी लावली, तर थेंब केळीच्या बुडाशीच पडतो. माझ्या अंगात तुमचे डॉक्टर पाट सोडून बसलेत."

मेघना हसत सुटली. "हे मी आमच्या सरांना सांगणार!"

"सांग. पण तुझं ठिबक येणार कधी?"

"अजून उंदरांवरच चाललंय गं."

"मजा आहे उंदरांची!"

लग्नाच्या दिवशी मात्र रुक्मिणी हसत नव्हती. पैठणी नेसून उंबरठ्याच्या आत उभी होती आणि कवडशांकडे बघत होती. मुहूर्ताला पाव तास उरला होता.

"मावशी, तू आतूनच बघ," मेघना म्हणाली. "स्वप्नाच्या धाकट्या काकूंना पाटावर बसवू."

"काकूंनी वाढवलं का स्वप्नाला?"

बर्था आत गेली. खिडकीवरची सगळ्यात मोठी गोधडी ओढून आणली आणि चारी टोकांना बांबू बांधले. एक बांबू तिनं धरला, एक ॲन्सेल्मनं, एक मेघनानं.

"चौथा कोण?"

आमचे व्याही काशिनाथराव आचोळ्याहून वऱ्हाड घेऊन आले होते. मानपानाला कडक माणूस. सरबत कोमट असल्याचं सकाळपासून दोनदा ऐकवून झालं होतं. ते उठले, खांद्यावरची शाल बायकोकडे दिली आणि चौथा बांबू धरला.

"अहो, तुम्ही वरबाप!" मी ओशाळून म्हणालो.

"वरबापानं काय नुसतं सरबत पीत बसायचं? तेही कोमट!"

मांडव हसला. बर्था ओरडली, "चला वहिनी, निघाली तुमची पालखी!" बँडवाल्यांनी ते ऐकून आपणहून वाजवायला सुरुवात केली. गोधडीखालून रुक्मिणी चालत आली आणि माझ्याशेजारी पाटावर बसली. चारही बांबूवाले घामानं निथळत होते.

कन्यादान लागलं. स्वप्नाचा हात जावयाच्या हातात, वर माझी ओंजळ, आणि तिच्यात रुक्मिणी झारीनं धार धरून. त्यासाठी तिला हात लांब करावा लागला. गोधडीच्या बाहेर, मनगटापुढं, एक कवडसा नेमका तिच्या हातावर आला.

"मावशी, हात!" मेघना म्हणाली.

"धार तुटेल."

काशिनाथरावांनी बांबू पुढं रेटला, पण गोधडी पुरेना. गुरुजींचे मंत्र काही संपेनात. रुक्मिणी कवडशाकडे बघत नव्हती. पोरीकडे बघत होती. धार शेवटपर्यंत अखंड राहिली.

संध्याकाळी हात लाल झाला, दुसऱ्या दिवशी फोड आला, मग रुपयाएवढा काळा डाग राहिला. त्याचं तिला केवढं कौतुक! आल्यागेल्याला हात पुढं करून दाखवायची, "लग्नातल्या सगळ्यांच्या मेंद्या उतरल्या. माझी बघा!"

पुढच्या वर्षी दिवाळीआधी ती गेली. डाग तेव्हाही हातावर होता.

परवा मेघना आली. चपला काढायच्या आधीच सांगू लागली.

"काका, कणांतून औषध दिलेले उंदीर आम्ही उजेडात ठेवले. एकाचीही कातडी भाजली नाही."

"आणि गाठी?"

"लहान झाल्या."

"माणसांना कधी देणार?"

"बरीच वर्षं लागतील. कदाचित जमणारही नाही."

"पण उंदीर उजेडात बसले?"

"बसले, काका. खात होते, खेळत होते."

मला हसू आलं. तिलाही आलं, आणि मग ती डोळे पुसू लागली. मी आतून दोन खुर्च्या अंगणात आणल्या. ती आपली खुर्ची ओढून ओट्याच्या सावलीत न्यायला लागली.

"राहू दे तिथंच," मी म्हटलं.

सकाळचे दहा वाजले होते. अंगणात लख्ख ऊन होतं. आम्ही दोघं त्यात बसून चहा प्यायलो.