नऊ वाट्या पाणी

अकमारलने तो व्हिडिओ केला एकाच माणसासाठी. तो माणूस म्हणजे तिचा बाप, टोलेगेन. सत्तावीस वर्षं तेलविहिरींवर घालवलेला, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. सारीकुदुक या कझाक तेलगावात बाप निवृत्त झाला की त्याची जागा मुलाला मिळते. कागदावर असं कुठेच लिहिलेलं नाही, पण न लिहिलेलंच इथे जास्त पाळतात. टोलेगेनचा मुलगा एर्नार तिकडे अल्माटीत पाण्याचा इंजिनिअर व्हायला शिकत होता, तिसऱ्या वर्षाला. समुद्राचं पाणी गोडं करून पिणाऱ्या गावाला याहून उपयोगाची विद्या कोणती? पण टोलेगेनचं आपलं एकच.

"शिकू दे काय शिकायचं ते. माझी वेळ झाली की येईल आणि माझ्या जागी उभा राहील."

उभा राहील, पण कशावर? अकमारलने कंपनीच्या प्रयोगशाळेत आठ वर्षं तेलाच्या बाटल्या तपासल्या होत्या. जमिनीखाली काय उरलंय ते तिला ठाऊक होतं. कंपनीलाही ठाऊक होतं. एकशे चाळीस पानांचा अहवाल कंपनीने स्वतःच इंटरनेटवर टाकला होता, रशियनमध्ये, आणि त्यात लिहिलं होतं 'साठ्याच्या वापराचा अंतिम टप्पा'. कचेरीतली माणसं मरणालासुद्धा टाय बांधून बाहेर पाठवतात. नोकरी गेल्यावर अकमारलने स्वयंपाकघरात फोन उभा केला आणि तो अहवाल चॅनलवर कझाकमध्ये समजावून सांगायला लागली. आलेख काढले, आकडे मांडले. बघणारे एकशे बारा, त्यांतले निम्मे आते-मामेभाऊ.

"तुझ्या त्या रेघोट्या लावल्या की मला झोप कशी छान लागते गं," आई म्हणाली.

मग अकमारलने जेवणाची चादर अंथरली, चहाच्या दहा वाट्या मांडल्या. नऊ काठोकाठ पाण्याने भरल्या आणि दहावीत आपलं इथलं तेल ओतलं, जे गार झालं की मेणासारखं थिजतं.

"जमिनीतून दहा वाट्या उपसतो, त्यात तेल एवढंच," ती फोनकडे बघून म्हणाली. "माझ्या लहानपणी तेलाच्या आठ होत्या. आणखी नऊ वर्षांनी हीसुद्धा नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

गावात आग भडकली. पण तेलावरून नाही, वाट्यांवरून! इथली रीत अशी की पाहुण्याला अर्धी वाटी ओतायची, म्हणजे तो पुन्हा मागतो, बसून राहतो. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे प्या आणि उठा. सातव्या वर्षापासून चहा ओतणाऱ्या पोरीच्या हे डोक्यातच आलं नाही. कॉमेंट्सचा पाऊस पडला. 'कुठे जायचं गं आम्ही, तुझ्या सासरी?' संध्याकाळी शेजारचे म्हातारे झुमाबाय, गावाचे अक्सकाल म्हणजे वडीलधारे, काठी आपटत दारात उभे.

"माझे बाप-आजोबा या मातीत आहेत. आणि तू आम्हाला भरली वाटी देतेस?"

"चुकलं, अक्सकाल. मोजायला म्हणून भरल्या."

"मोजायला! पाहुणे मोजतात होय?"

पण म्हातारा बसला. तीन अर्ध्या वाट्या प्याला आणि हळूच विचारलं, "नऊ वर्षं. नक्की?"

"कमीच म्हणा."

"माझा नातू वीस वर्षांचा आहे गं," झुमाबाय म्हणाले आणि चहा अर्धवट टाकून उठले.

भांडणामुळे व्हिडिओ घरोघर पोचला. गावात माणसं तीस हजार, पाहिला गेला चाळीस हजार वेळा. बाजारात कांदे विकणाऱ्या बाया एकमेकींना 'नऊ पाणी, एक तेल' असं सांगू लागल्या. जे कोणाला कळत नव्हतं ते सगळ्यांना कळलं. अकमारलचा ऊर भरून आला. आता गाव जागं होईल, एर्नार सुटेल असं तिला वाटलं. वेडी पोर.

सोमवारी कंपनीच्या भरतीच्या कचेरीपुढे सहाशे माणसं जमली. गाव जाब विचारायला आलं असं समजून ती फोन घेऊन धावली. रांगेत झुमाबाय होते, नातवाचं मनगट घट्ट धरून.

"काय विचारणार आहात, अक्सकाल?"

"विचारायचं काय त्यात? तूच सांगितलंस ना, नऊच वर्षं उरलीत? मग पोराला आत्ताच चिकटवायला नको? मागून येणाऱ्याला नळी चाटावी लागेल!"

रांग हसली. एका बाईने पुढे होऊन अकमारलच्या कपाळाचा मुका घेतला. "तुझे उपकार गं पोरी. इतकं सोपं करून आम्हाला कोणी सांगितलं होतं?"

तेवढ्यात कचेरीच्या दारातून टोलेगेन बाहेर आला. हातात घडी घातलेला कागद होता.

"कोके, तुम्ही इथे?"

"अकरा वेळा पाहिला तुझा व्हिडिओ," बाप म्हणाला. आवाजात चक्क कौतुक होतं. "ते आलेख काही कळत नव्हते. वाट्या कळल्या. मी तीन वर्षं जागा अडवून बसलो तर पोराला सहाच उरतात. आज राजीनामा दिला. आता त्याला नऊच्या नऊ मिळतील."

"कोके, तो पाणी शिकतोय! नऊ वर्षांनी इथे पाणीच लागणार आहे."

"लागेल की. पण तेल संपल्यावर त्याला पगार कोण देणार?"

याचं उत्तर एकशे चाळीस पानांत कुठेच नव्हतं. तिने तिथूनच धाकट्या भावाला, एर्नारला फोन लावला. पलीकडे रुळांचा खडखडाट.

"अप्के, गाडीत आहे मी. कोकेंनी कालच सांगितलं."

"उतर. पुढच्या स्टेशनवर उतर, ऐक माझं. मी बोलते त्यांच्याशी."

"कशाला उतरू? डब्यात आपल्या गावची सात पोरं आहेत, सगळी कॉलेज सोडून निघालीत." त्याने फोन डब्याकडे धरला. "तुझाच व्हिडिओ लावलाय बघ. शपथेवर सांगतो अप्के, पहिल्यांदा सगळं नीट कळलं."

घरी येऊन तिने व्हिडिओ काढून टाकला आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडली. तासाभरात तोच व्हिडिओ आईच्या फोनवर परत आला, कुणीतरी पाठवलेला. वर लिहिलं होतं, 'ज्यांना मुलगा आहे त्यांनी जरूर पाहावा.'