दोन डिस्कचा बोर्ड

"दोन डिस्क मागितल्या तर तोंड असं करतो, जसा काही मी हुंडाच मागतोय," निसार पुटपुटला. शेजारी लसूण सोलत बसलेल्या आबिदाला नीट ऐकू जाईल, आणि समोरच्या पोराला ऐकू गेलंच नाही असं दाखवायची सोय राहील, इतपत.

समोर फरहान होता. सकाळीच पुण्याहून आला होता, मित्राचे दोन बोर्ड ट्रायलसाठी मागून घेऊन. बोर्ड म्हणजे तळहातावर मावेल एवढा उघडा कॉम्प्युटर. त्याला डिस्क जोडायची, घरच्या वायफायला लावायचं आणि कपाटावर ठेवून विसरून जायचं. साठवलेलं सगळं मग घरातल्या कुठल्याही मोबाईलवर, लॅपटॉपवर उघडतं. आणि निसारकडे साठवायला कमी नव्हतं. आयुष्यभर त्याने लग्नांचं शूटिंग केलं होतं, नाशकातलं, मालेगावातलं, पार कळवणपर्यंतचं.

"अब्बू, हा रास्पबेरी पाय घ्या," फरहान म्हणाला. "सगळे हाच घेतात. अडलं तर नेटवर सांगणारी हजार माणसं. यूएसबीने एक डिस्क लावली की झालं."

"आणि तो दुसरा?"

"त्याला दोन डिस्क थेट जोडता येतात. म्हणजे एकीवर जे जाईल ते आपोआप दुसरीवर. पण वापरणारे कमी, सॉफ्टवेअर किचकट. उद्या अडून बसला तर मला पुण्याहून यावं लागेल."

"ये की मग. तेवढंच तुझ्या अम्मीला तोंड दिसेल तुझं."

दाराशी उभी असलेली त्याची बहीण इन्शा फिस्सकन हसली. फरहान हसला नाही.

"मला दोनच डिस्क हव्यात," निसारचा आवाज चढला. "मनमाडला काय झालं ते विसरलास?"

आबिदाने नखात धरलेली पाकळी तशीच राहिली.

मनमाडला काय झालं, ते विसरायला निसार सोडून प्रत्येकाला आवडलं असतं. तो निकाह निसारने एकट्याने शूट केला. एडिटिंग इन्शाचं. तिने फाइल लावली आणि तशीच उठून स्वयंपाकघरात आली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं धूसर, ओल्या काचेतून पाहावं तसं. निसार ऑटोफोकस कधीच लावत नसे. सेहरा बांधला की कॅमेरा नवरदेवाचा चेहरा सोडून फुलांच्या लडी पकडतो, म्हणून फोकस हाताने, आणि हात डोळ्यावर भरवसा ठेवून. तो डोळाच आता राहिला नव्हता. हे मायलेकींना आधीपासून कळत होतं. 'उजेड कमी पडतो' म्हणून निसारने घरातले सगळे बल्ब बदलून घेतले होते. बल्बांची काही चूक नव्हती.

त्या दिवशी इन्शा बाहेर गेली आणि म्हणाली, "अब्बू, डिस्क गेली." आबिदाने मान हलवली. फरहानला फोनवर खरं काय ते सांगितलं, तर अब्बूंना तोही "हो, जातात डिस्क" म्हणाला. एवढंच खोटं. पण निसार स्वतः मनमाडला जाऊन मुलीच्या बापापुढे हात जोडून उभा राहिला, आणि परत आला तो डिस्कवरचा भरवसाच सोडून. येत्या शुक्रवारी कळवणला निकाह होता. त्याच्या शूटिंगची सुपारी त्याने घेतली होती. आणखी एका मुलीचं लग्न धुक्यात जाणार, हे आबिदाला दिसत होतं. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगू. मग तो कॅमेऱ्याची लेन्स आपल्या मलमलच्या फडक्याने पुसायला बसायचा, आणि तिला भाजीच निवडावीशी वाटायची.

"अब्बू, ऐका तरी," फरहान म्हणाला. "दोन डिस्क म्हणजे जादू नाही. पहिलीवर जे जाईल तेच दुसरीवर. पहिलीवरच खराब गेलं असेल तर..."

"तर काय?"

फरहानने अम्मीकडे पाहिलं. अम्मीने लसणाकडे.

"तर दोन्हीकडे खराब," तो हळू बोलला.

"माझं शूटिंग आणि खराब?" निसार हसला. "बोलण्यात हरणार नाही तू. चल, ट्रायलच घेऊ. मनमाडची ती डिस्क लावू दोन डिस्कवाल्याला."

"ती मी भंगारात दिली," इन्शा घाईघाईने म्हणाली.

"कपाटात आहे, माझ्या स्वेटरखाली. मेलेलीच आहे, आणखी काय मरणार?"

तो उठून डिस्क घेऊन आला. वायर घेतली, टोक खाचेच्या अलीकडे टेकवलं, मग पलीकडे. फरहानने हात पुढे केला. "मला जमतं," निसार म्हणाला. जमलं नाही. शेवटी पोराने त्याच्या हातातून वायर अलगद काढून घेतली आणि लावली.

डिस्क गुणगुणायला लागली.

"फिरतेय!" निसारने कान जवळ नेला. "अरे, ही मेलेली नाही. उघड. उघड लवकर."

फरहानच्या लॅपटॉपवर 'मनमाड' नावाचा फोल्डर आला. 'डिस्क उघडतच नाही' असं खोटं सांगायला फरहानला एक क्षण मिळाला होता, तो गेला. व्हिडिओ सुरू झाला. काझीसाहेबांचा आवाज खणखणीत. मागे कुणाचं तरी पोर रडत होतं, ते रडणंही स्वच्छ. आणि स्क्रीनवर पांढऱ्याहिरव्या डागांची गर्दी. त्यात नवरदेव कुठला आणि लोड कुठला, सांगता येत नव्हतं.

निसारने नाक स्क्रीनला लागेल इतका चेहरा पुढे नेला.

"सगळं आहे! इन्शा, अगं सगळं आहे! आणि किती साफ आलंय बघ."

इन्शा खिडकीकडे वळली. फरहान मान खाली घालून वायरी सारख्या करू लागला.

"बोर्ड हाच घ्यायचा. एका झटक्यात माझी इज्जत परत दिली याने." निसारने खिशातून मोबाईल काढून डोळ्यांपाशी धरला. "मनमाडला सांगतो आधी, तुमचा निकाह सापडला. उद्या पोचवतो म्हणतो. आणि कळवणला आता बिनधास्त..."

आबिदाने लसणाची परात बाजूला सारली. पुढे होऊन तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. हाताला लसणाचा वास होता.

"फोन ठेवा, इन्शाचे अब्बू."

"अगं, का?"

"साफ नाही आलेलं," ती म्हणाली. "डिस्क कधी गेलीच नव्हती. तुम्हाला दिसेनासं झालंय."