कार्डावरचा निळा

तुम्ही दुकानात बोट ठेवून मागितलेला निळा आणि तुमच्या भिंतीवर आलेला निळा एकच आहे का, हे कधी उन्हात उभं राहून पाहिलं आहे तुम्ही?

नसीमआपा रोज पाहते. चिखलीच्या छापखान्यात ती काचेवर शाई घोटते. सकाळचं ऊन पायरीपर्यंत येऊन थबकतं, तेव्हा रॉकेलच्या वासाचे हात ओढणीपासून दूर धरत ती बाहेर येते. बोटाने शाई कागदावर ठोकते, टप टप, झोपलेल्या लेकराला थोपटावं तशी. शाई पातळ होत जाते आणि तिच्यातून रंग हळूहळू उजाडतो. मग तो कागद ती रंगांच्या कार्डाशेजारी धरते. या कार्डावर प्रत्येक छटेला नंबर असतो. गिऱ्हाईक नुसतं ‘निळा’ म्हणत नाही, नंबर सांगतं. आणि तो नंबर चिखलीत, खामगावात, मुंबईत त्याच एका निळ्याचा असतो. चळवळीची पत्रकं वाचत वाढलेल्या मला त्यात समतेचा जाहीरनामा दिसायचा. कोणाचा निळा उंची नाही, कोणाचा हलका नाही.

यंदा अमडापूरच्या आमच्या वाचनालयाची पत्रकं छापून आली, तर वरच्या पट्टीतला निळा शेवाळ धरल्यासारखा हिरवट. त्याआधी एका कापड दुकानदाराने छापलेल्या पिशव्याही परत पाठवल्या होत्या. छापखान्याचे मालक गजाननभाऊ तिच्याकडे न पाहताच म्हणाले, “आपा, डोये दाखून या एकदा.”

“डोये बरोबर हायेत, भाऊ. तुमच्या ट्यूबलाइटलेच कावीय झाली असन.”

सगळे हसले. ती हसली नाही. त्या दिवसापासून घोटलेली शाई ती पुन्हा घोटायची, पायरीवर जायची, परत यायची, पुन्हा जायची. शाईचं काम काढून घेतलं तर तिला पत्रकांच्या घड्या घालायला बसवणार होते. आयुष्यभर रंग जन्माला घालणाऱ्या हातांना त्यानंतर फक्त कागदाच्या कडा.

मी भडकलो. ते कार्ड दाराबाहेरच्या भिंतीवर खिळ्याला कित्येक उन्हाळे टांगलेलं होतं. आमच्याकडचं ऊन माणसाला सोडत नाही, ते कागदाला काय सोडणार? खामगावच्या एका मित्राच्या छापखान्यातून मी पाकिटात जपलेलं नवं कार्ड मागून आणलं आणि पायरीवर दोन्ही कार्डं शेजारी-शेजारी धरली. नंबर तोच. नव्यावरचा निळा विहिरीच्या तळासारखा खोल; जुन्यावरचा पिवळटलेला, विटलेला. आपाने इमानाने त्या विटलेल्या रंगाचीच शाई घोटली होती. दोष कार्डाचा होता.

गजाननभाऊंची मान खाली गेली. “चुकलं आपा. कार्डच मेलं होतं, अन् म्या तुमाले बोललो.”

आपा मात्र एका कार्डावरून दुसऱ्यावर नजर फिरवत राहिली. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून वाकली, अजून वाकली. मग हलकेच मला म्हणाली, “बेटा, मले तर दोन्ही सारखेच दिसून राह्यले.”

तिच्यासाठी लढायला आणलेला पुरावा माझ्या हातात होता, आणि तो तिच्याच विरुद्ध गेला होता.

मोतीबिंदू निघाला. आता ऑपरेशन आहे. त्याचं तिला भय नाही. परत येईल तेव्हा शाईच्या काचेशी दुसरंच कोणी उभं असेल, याचं आहे. जाताना तिने विचारलं, “माही जागा ठेवसान ना, भाऊ?” गजाननभाऊ यंत्राला तेल घालत होते. ते “हो” म्हणाले नाहीत, “नाही”ही म्हणाले नाहीत.

ऊन कागदावरचा रंग नेतं, काळ डोळ्यांतला; आणि गेलेल्या माणसाच्या जागेवर दुसऱ्याची सवय फार लवकर बसते. म्हणून एक मागणी आहे. तुमच्या कामाच्या ठिकाणी कोणी असं दवाखान्यात गेलं असेल, तर उद्या सकाळी मालकासमोर उभे राहा आणि त्या माणसाची जागा राखायला सांगा. तो “हो” म्हणेपर्यंत हलू नका.