क्यूपर्सचा ऑइल कूलर

"साडेदहाचं गिऱ्हाईक मी बघतो," पॉल लेनार्ट्स म्हणाला. "तू आत गोदामात जा. मोजणी राहिलीय."

"मोजणी परवाच झाली."

"मग पुन्हा कर. काही बिघडत नाही."

मार्लीसनं कॉफीचा कप काउंटरवर ठेवला. "पॉल, वहीतलं नाव मी वाचलंय."

पॉलनं वही मिटली. दोघं एकाच शाळेत शिकलेले. गेली एकोणीस वर्षं त्याच्या दुकानात ती काउंटर सांभाळत होती. तिच्याशी खोटं बोलायला गेलं की त्याचे कान लाल होत, तसे आत्ता झाले होते.

"हिशेब बघणाऱ्या हेल्गानं फोन घेतला," तो म्हणाला. "तिच्या लक्षातच आलं नाही. मी त्याला कळवतो, की दुसरीकडे जा."

"काही कळवू नकोस. येऊ दे."

"मार्लीस, तू इथं तमाशा केलास तर..."

"एकोणीस वर्षांत कधी केलाय?"

वहीत हेल्गानं लिहिलं होतं: शनिवार, साडेदहा, क्यूपर्स, क्रेफेल्ड, ऑइल कूलर. नावाचं स्पेलिंगही तिनं चुकवलं होतं. पण क्रेफेल्डहून या ट्रॅकवर गाडी पळवायला येणारे क्यूपर्स असे किती असणार?

आयफेलच्या डोंगरातलं हे गाव ट्रॅकवरच जगत होतं. शर्यत नसेल त्या दिवशी फाटक उघडायचं आणि पैसे भरेल त्याला आपल्या गाडीनं फेरी मारता यायची. डॉक्टर, वकील, दुकानदार, सगळे महागड्या स्पोर्ट्स कार घेऊन यायचे आणि त्यांच्याच मागंपुढं मोटारसायकलवालेही असायचे. त्यांच्या गाड्यांचे ब्रेक, टायर आणि कूलर विकून लेनार्ट्सचं दुकान चालायचं.

चार वर्षांपूर्वीच्या जूनमधल्या एका बुधवारी संध्याकाळी त्या ट्रॅकवर एका निळ्या गाडीच्या ऑइल कूलरचा, म्हणजे इंजिनाचं तेल थंड करणाऱ्या भागाचा, पाइप निसटला. तेलाच्या दाबाचा काटा खाली आला. ते बघूनही गाडीवाला थांबला नाही. बाहेर पडायचा फाटा दोन किलोमीटरवर होता, आणि तिथवर तो तेल सांडत गेला. चार मिनिटांनी मागून मार्लीसचा नवरा योखेन आपल्या जुन्या मोटारसायकलवर तेल सांडलेल्या एका वळणावर आला.

खटला कोर्टात उभाही राहिला नाही. गुन्हा मान्य, दंड मान्य, विम्याचा धनादेश. सगळं टपालानं निकालात निघालं. त्या माणसाचा चेहरा मार्लीसनं कधी पाहिला नव्हता. तिच्याकडे होता तो तज्ज्ञाचा चौदा पानी अहवाल आणि त्यातलं गाडीवाल्याचं एक वाक्य: 'फाट्यापर्यंत पोचेन असं मला वाटलं.' घास घेताना, दात घासताना, केव्हाही ते वाक्य तिच्या डोक्यात उठायचं आणि तळपायाची आग मस्तकात जायची.

चेहरा तिनं मनानंच बनवला होता. जाड मान, सोन्याचं घड्याळ, च्युइंगम.

साडेदहाला दोन मिनिटं असताना जो आत आला तो किडकिडीत होता. चाळिशी उलटलेला, टाळूवर केस विरळ. दारातल्या पायपुसण्यावर त्यानं दोन्ही बूट नीट पुसले आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग. थोडा लवकर आलो. थांबू का बाहेर?"

याचा तिला जास्तच राग आला. इतकी वर्षं ज्याचा द्वेष करायचा तो माणूस निदान द्वेष करण्याजोगा तरी असावा.

"बोला," ती म्हणाली. तिच्या कोटावरच्या पट्टीवर नुसतं 'मार्लीस' लिहिलेलं होतं.

"ऑइल कूलर हवाय. गाडी बाहेरच आहे."

तिनं काचेतून पाहिलं. निळी, दोन दारांची. तीच. तिनं काउंटरची कड घट्ट धरली आणि मग सोडली.

"ट्रॅकवर नेता?"

"हो. म्हणजे आता पुन्हा सुरू करतोय."

तिनं मागच्या फळीवरून तीन कूलर काढून ओळीनं मांडले. तेरा पट्ट्यांचा, एकोणीसचा आणि पंचवीसचा. त्यानं अपेक्षेप्रमाणं सरळ पंचवीसच्यावर हात ठेवला.

"हा. घ्यायचाच तर मोठा घ्यावा."

"कशासाठी?"

"जास्त थंड. इंटरनेटवर एक जण सांगतो, की या गाडीला पंचवीसशिवाय..."

"तो एक जण गाडीत बसणार आहे का?"

तो हसला. "नाही."

"मग त्याला राहू दे. सलग किती फेऱ्या मारता? तेल किती तापतं?"

"तीन. कधी चार. कूलर नसताना एकशे पस्तीस अंशांपर्यंत जातं."

"मग एकोणीसचा. पंचवीसचा लावलात तर थंडीतल्या सकाळी तेल तापणारच नाही. न तापलेलं तेल घट्ट राहतं, सगळीकडे धड पोचत नाही. इंजिनाला तापही मारतो आणि गारठाही मारतो. आणि हे घ्या." तिनं हाताच्या पंजाएवढी एक गोल चकती पुढं सरकवली. "ही ऑइल फिल्टरच्या खाली बसते. आत थर्मोस्टॅट आहे. ऐंशी अंशांपर्यंत तेल कूलरकडे जाऊच देत नाही. मागच्या वेळी होता का थर्मोस्टॅट?"

"नव्हता," तो म्हणाला. मग जरा चपापला. "मागच्या वेळी कूलर होता हे तुम्हाला कसं कळलं?"

"'पुन्हा सुरू करतोय' म्हणालात."

ते त्याला पटलं. पलीकडे पॉल टायरच्या रॅकपाशी उगाच चिठ्ठ्या सरळ करत होता.

मार्लीसनं खणातून दोन पाइपांचे तुकडे काढून काउंटरवर ठेवले. एक साधा रबरी, टोकाला स्क्रूनं आवळायची क्लिप. दुसरा स्टीलच्या जाळीचा, टोकाचं कडं यंत्रानं दाबून बसवलेलं.

"ही अशीच होती माझी," क्लिपकडे बोट दाखवत तो म्हणाला. "खरं सांगायचं तर तेव्हा मी आधी इथंच विचारायला आलो होतो. पाच वर्षं झाली असतील. काउंटरवरच्या बाईंनी नुसत्या पाइपांचेच चारशे दहा युरो सांगितले. मला हसूच आलं. म्हटलं, डोंगरातले लोक शहरातली नंबरप्लेट बघून बिल लावतात. मग सगळं सामान ऑनलाइन मागवलं आणि घरीच बसवलं."

काउंटरवरची बाई म्हणजे मार्लीसच. दुसरी कुणी नव्हतीच कधी. तिनं आठवून पाहिलं. पण असे हसून गेलेले कितीतरी होते. शनिवार असणार, मागं रांग असणार. तिनं आकडा सांगितला असेल आणि 'पुढचे कोण?' म्हटलं असेल. का लागतात चारशे दहा, हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते तिनं सांगितलं नव्हतं.

"मग?" तिनं विचारलं.

"मग एक पाइप निसटला. इंजिन गेलं. चार वर्षं गाडी शेडमध्ये पडून होती."

"नुसतं इंजिन?"

त्यानं मान खाली घातली. "मागं एक मोटारसायकलवाला होता. तो घसरला."

टायरपाशी पॉलचा हात थांबला.

घसरला. योखेन चौतीस वर्षं दगडी पाट्यांची छपरं घालायला चढत होता. पावसात, बर्फात, वाऱ्यात. या खोऱ्यातल्या चार चर्चच्या मनोऱ्यांवर त्यानं एकेक पाटी हातानं ठोकली होती. गावातली माणसं खाली उभी राहून डोळे मिटून घ्यायची आणि तो वरून विचारायचा, "काय, प्रार्थना चाललीय का?" छपरावरून तो एकदाही घसरला नव्हता. बुधवारी काम संपलं की ट्रॅकवर एक फेरी, एकच, तीही डाव्या हाताला सगळ्यांना वाट देत. मग घरी येऊन बटाट्याचं सॅलड.

"घसरला," मार्लीस म्हणाली. "आणि?"

"गेला."

"मग 'गेला' म्हणा."

क्यूपर्सनं वर पाहिलं. पॉल पुढं आला. "मार्लीस, मी बघतो पुढचं."

"तू टायर बघ."

पॉल जागीच थांबला. मार्लीसनं कीबोर्ड ओढला आणि बिल करायला घेतलं. एकोणीसचा कूलर एक, थर्मोस्टॅटची चकती एक, दाबलेल्या टोकांचे पाइप दोन. मग गिऱ्हाइकाचं नाव. तिनं टाइप केलं, आणि तो पडद्याकडे बघतच राहिला.

"बरोबर लिहिलंत तुम्ही," तो हळूच म्हणाला. "यू आणि वाय. सगळे चुकतात. मला दर वेळी सांगावं लागतं."

"आर्नो योहानेस क्यूपर्स," मार्लीस म्हणाली. "चार वर्षं वाचतेय मी. माझं आडनाव थेलेन."

त्यानं काउंटरला धरलं, मगाशी तिनं धरलं होतं त्याच जागी.

"फ्राउ थेलेन," तो म्हणाला. "मी पत्र लिहिलं होतं तुम्हाला. वकील म्हणाले, पाठवू नका. कबुली धरतील."

"वकिलाचं ऐकलंत तुम्ही. चारशे दहा ऐकून मात्र हसलात."

"त्या बाई... तुम्हीच होता?"

"मीच होते."

"मला खरंच वाटलं होतं, की फाट्यापर्यंत..."

"ते वाक्य नको." ती ओरडली नाही. "दुसरं काहीही बोला. ते वाक्य माझ्या घरात बोलू नका, माझ्या दुकानात बोलू नका."

दुकान तिचं नव्हतं. पॉलनं ते दुरुस्त केलं नाही.

क्यूपर्सनं खिशातून गाडीची किल्ली काढली आणि उगाच हातात धरली. "मी जातो. ऑर्डर रद्द करा. मी इथं यायलाच नको होतं."

"इथं नाही आलात तर कुठं जाल?"

तो किल्लीकडे बघू लागला.

"मी सांगते. घरी जाल. महिनाभर वाईट वाटून घ्याल. मग पुन्हा क्लिपवाला पाइप मागवाल, कारण गाडी तुम्ही सोडणार नाही. सोडायची असती तर चार वर्षं शेडमध्ये ठेवली नसती. आणि तुमच्या मागं कुणीतरी असणारच. कायम कुणीतरी मागं असतंच." तिनं रबरी तुकडा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. "ओढा. क्लिपला धरा आणि ओढा."

त्यानं ओढलं. दुसऱ्या झटक्याला पाइप क्लिपमधून सुटून हातात आला.

"तोही थंड असताना. आता हा."

स्टीलच्या जाळीचा पाइप त्यानं ओढला, पिळला, पुन्हा ओढला. त्याची नखं पांढरी पडली. कडं हललं नाही.

"चारशे दहा कशाचे, ते हे. तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ती माझी चूक. तेवढीच माझी. बाकी सगळी तुमची." तिनं दोन्ही तुकडे बाजूला सारले. "काटा खाली आला तर काय कराल?"

"थांबेन."

"कुठं?"

"लगेच. तिथंच."

"तिथं म्हणजे रस्त्यावर?"

"नाही. गवतात. गाडी गवतात घालेन आणि इंजिन बंद करेन."

"गाडी पेटली तर?"

"पेटू दे."

"पुन्हा सांगा. सगळं."

चव्वेचाळीस वर्षांच्या त्या माणसानं शाळेत पाढा म्हणावा तसं पुन्हा सगळं म्हटलं. शेवटी त्याचा आवाज फुटला. मार्लीसला दया आली नाही. दया येईल अशी भीती तिला सकाळपासून वाटत होती. ती आली नाही हे बघून ती जरा सावरली.

त्यानं हात पुढं केला. तिनं पाइप मोजायची टेप उचलली. "बॉनेट उघडा. लांबी घ्यायची आहे. पाइप जोडायची तोंडं वरच्या बाजूला करून कूलर बसवायचा, म्हणजे हवा अडकत नाही. आणि इतक्या खाली लावू नका, की खडे बसतील. एक वाजता या. पैसे पॉलकडे द्या, माझ्याकडे नकोत."

दोन्ही मापं तिनं स्वतः घेतली. तो बाजूला उभा राहिला. मग समोरच्या बेकरीत जाऊन बसला.

पाइप कापायचं काम एरवी पॉल करायचा. त्यानं तिला यंत्रापाशी पाहिलं आणि विचारलं, "तू करणार?"

"मी करणार."

"मी त्याला घालवून दिला असता. कानाखाली वाजवूनच."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुला टायर बघायला सांगितलं."

पॉल काही वेळ दारात घोटाळला. "योखेन काय म्हणाला असता?"

"त्याला मध्ये आणू नकोस. तो काही म्हणत नाही आता."

पॉल निघून गेला. मार्लीसनं पाइप कापला, जाळीची निघालेली तार छाटली, टोक कड्यात पुरतं आत जाईपर्यंत ढकललं आणि यंत्राची मूठ खाली दाबली. चार टोकं, चार वेळा. प्रत्येक वेळी दाबताना ती दातओठ खात होती आणि प्रत्येक कडं तिनं दोनदा मोजून पाहिलं. मग दोन्ही पाइप कूलरला जोडून तेल भरलं, पंप लावला आणि दाब दहा बारपर्यंत चढवला. या गाडीच्या इंजिनाचा दाब सातच्या वर जात नाही. दहावर पाच मिनिटं ठेवलं तरी पुरे, असं पॉल सगळ्यांना सांगे. तिनं पंधरा मिनिटं ठेवलं आणि तेवढा वेळ काट्यासमोर उभी राहिली. काटा जागचा हलला नाही.

तिनं पांढरा कागद फाडून घेतला आणि चारही टोकांभोवती बोट दाबून फिरवला. कागद उजेडात धरून पाहिला. कुठं डाग नव्हता. तिनं तो उलटा करून पुन्हा फिरवला, पुन्हा पाहिला.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. मापं घेऊन ती यंत्रापाशी आली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे कापणं, दाबणं, तपासणं, सगळं मिळून पस्तीस मिनिटं. क्यूपर्स पहिल्यांदा आला तेव्हा तेवढ्यानंच योखेन वाचला असता. ती स्टुलावर बसली, कोरा कागद मुठीत धरून, आणि कितीतरी वेळ उठलीच नाही.